भट्टी चुकली नव्हती

अच्युतरावांच्या सत्कार समितीने छापून पाठवलेल्या जीवनपटात तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. ते आधी खोडा, नमस्कार मग करते. वाक्य असं: "पहिल्या डोलकाठीच्या वेळी भट्टीचे तापमान चुकल्याने अपयश आले, परंतु अच्युतराव खचले नाहीत." खचले नाहीत हे खरं. त्याच्या आधीचं सगळं खोटं. भट्टी चुकली नव्हती. भट्टीजवळ शहाडचा वामन बसला होता, आणि वामनच्या हातून भट्टी कधी चुकलेली मी पाहिली नाही. हे खोटं इतकी वर्षं तोंडातोंडी फिरत होतं तोवर मी गप्प बसले, कारण त्यात माझाच फायदा होता. आता तुम्ही ते पुस्तकात घालणार म्हणता. बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं कपाटात राहतं. म्हणून लिहायला बसले.

आता नमस्कार. मी चांगुणा, बाळकुमच्या खाडीकाठची कोळीण. शाळा तिसरीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ नातीने पाहिलं आहे, बाकीचं माझं. अच्युतरावांच्या गाळ्यात मी आठ वर्षं काम केलं, डोळे अधू झाले तेव्हा सोडलं. अच्युतराव यंदा साठीचे होतात आणि मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, म्हणून मी वंदन वगैरे करणार नाही, आशीर्वाद देईन. चिटणीसांनी पत्रात लिहिलंय की आठवणी हृद्य असाव्यात. नातीला अर्थ विचारला, तर म्हणाली, आजी, गोड लिही. गोड आहे तिथे गोड लिहीनच. अच्युतरावांबद्दल गोड लिहायला काही कष्ट पडत नाहीत.

आमची पहिली ओळख भांडणाने झाली. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी बंदरावर जवळा सुकत घातला होता, आणि एक चष्मेवाले गृहस्थ पॉलिश केलेल्या बुटांनी बरोबर त्याच्या मध्यावर उभे राहून आमच्या होडीची डोलकाठी टेपने मोजत होते. मी म्हटलं, "ओ पँटवाले, लोकांच्या जवळ्यावर उभे ऱ्हाऊन काय मोजताव?" ते दचकून बाजूला झाले, ते दुसऱ्या चटईवर. मग बूट काढले, खाली बसले आणि बुटाच्या तळाला चिकटलेला जवळा एकेक करून परत चटईवर ठेवू लागले. मी पुष्कळ साहेब पाहिले, पण बुटाचा जवळा परत करणारा हा पहिलाच.

तसेच बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "मावशी, ही काठी मोडते तेव्हा कुठे मोडते?" मी सांगितलं, भोकाशी. जिथे माणसाने भोक पाडलं तिथे. लाकूड आपण होऊन मोडत नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, मग माझं नाव विचारलं आणि तेही लिहिलं. पुढे त्यांच्या गाळ्यातल्या प्रत्येक डोलकाठीला दोर जायला, आडव्या काठ्या बसायला जिथे जिथे भोक पडे, तिथे काळ्या कापडाचे जास्तीचे थर चढवायचे ठरलं. पाहुणे आले की अच्युतराव त्या जाड जागेवर बोट ठेवून म्हणत, हा चांगुणाबाईंचा नियम. मोठमोठ्या लोकांसमोर म्हणत. मला लाज वाटायची आणि आवडायचंही.

अच्युतराव डोंबिवलीचे. एका कारखान्यात चांगले इंजिनियर होते. ती नोकरी सोडून त्यांनी बाळकुमच्या पुढे एक लांबट गाळा घेतला, कशासाठी, तर शिडाच्या होड्यांना कार्बनच्या डोलकाठ्या बनवायला. लाकडाहून हलकी, लोखंडाशी टक्कर घेईल इतकी कडक. आणि स्वतः अच्युतराव कसे, तर होडी बंदराला बांधलेली असली तरी त्यांना मळमळतं. मी एकदा विचारलं की, समुद्र सोसत नाही तर हा उद्योग कशाला? म्हणाले, मावशी, ज्याला सोसत नाही त्यालाच समुद्राची जास्त काळजी. उत्तर मला पटलं नाही, पण माणूस पटला.

मला कामावर घ्यायला ते स्वतः दारात आले. आधी त्यांनी डिप्लोमावाले दोन जण ठेवून पाहिले होते. त्यांना आकृती काढता येई, पण कापड गुंडाळताना सुरकुती पडे. अच्युतरावांना बंदरावर जाळी विणणारी आमची बोटं आठवली. खाडीची मासळी तोवर रॉकेलचा वास मारायला लागली होती. माझा नवरा कोळी असून पाण्यात कधी बुडाला नाही, गुत्त्यात बुडाला. मी, माझी जाऊ फुला आणि वाड्यातल्या आणखी दोघी अशा चौघी गेलो. तिथे एक भागीदार शेठ होते. नाव लिहीत नाही, ते आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. ते आमच्यादेखत अच्युतरावांना म्हणाले की, या मच्छीवाल्यांना आणून गाळ्याला वास लावणार का? अच्युतराव म्हणाले, एक काठी होऊ द्या, मग बोलू. तेव्हा आमच्या चौघींची नोकरी त्या पहिल्या काठीवर टांगलेली होती, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचंच काम आहे.

काठी कशी होते ते थोडक्यात सांगते, कारण जीवनपटात त्यावर पानभर इंग्रजी शब्द आहेत आणि समजत काही नाही. आत एक लांब अॅल्युमिनियमचा पाइप, एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. त्याला आम्ही दांडा म्हणायचो. दांडा आरशासारखा घासायचा आणि त्याला मेण चोळायचं, म्हणजे शेवटी तो सुटून येतो. त्यावर काळं कापड. हे कापड विणलेलं नसतं, नुसते केसाहून बारीक धागे शेजारी शेजारी, रेझिनने चिकटलेले. परदेशातून येई आणि गारठ्यात ठेवावं लागे, नाहीतर ते आपोआप कडक व्हायला लागतं. त्यासाठी आइस्क्रीमवाल्याकडचा जुना डीप फ्रिज होता. त्यावर कुल्फीचं चित्र तसंच होतं, आणि फुला रोज सकाळी त्याच्याकडे पाहून उसासा टाकायची.

एक थर उभ्या धाग्यांचा, म्हणजे काठी वाकायला नको म्हणते. एक थर तिरका, एकदा डावा एकदा उजवा, म्हणजे पिळाला दाद देत नाही. एखादा आडवा, कमरेच्या पट्ट्यासारखा, म्हणजे चेपत नाही. प्रत्येक थर ताणून बसवायचा, खालची हवा बोटांनी पुढे ढकलत काढायची. सगळे थर झाले की वरून एक टेप घट्ट गुंडाळायची. ही टेप गरम झाली की आकसते आणि सगळ्या थरांना आवळते. मग भट्टी. भट्टी म्हणजे पत्र्याची लांबच लांब पेटी. तिच्याजवळ स्टुलावर वामन, समोर काटा, हातात वही. दर पाव तासाने तो काटा बघून आकडा लिहायचा. जेवायलाही तो आमच्यात यायचा नाही, डबा मांडीवर घेऊन तिथेच जेवायचा. आम्ही म्हणायचो, वामन, ती भट्टी काय बाळंतीण आहे का? तो म्हणायचा, त्याहून नाजूक हाय.

अच्युतरावांची शिस्त एकच होती: कापडावर कापडाशिवाय काही पडता कामा नये. घाम नको, केस नको, धूळ नको, तेल तर नकोच नको. डोक्याला रुमाल, हातात मोजे. पहिल्याच दिवशी बांगड्यांचा प्रश्न निघाला. काचेची बांगडी कापडावर घासते, धागा तुटतो. शेठ म्हणाले, काढायला सांगा. फुला उठून उभी राहिली आणि म्हणाली, नवरा जिता असताना बांगड्या उतरवायच्या असतील तर मी ही चालले. अच्युतराव दुसऱ्या दिवशी एक पिशवी घेऊन आले. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, आपल्या मऊ सुती साडीच्या बाह्या शिवून दिल्या होत्या, मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्हीकडे नाडी. बांगड्या आत, कापड बाहेर. मी विधवा, मला बांगड्यांचा प्रश्न नव्हता, पण पिशवीत चौथी जोडी होती. मी विचारलं, ही कशाला? वहिनींचा निरोप होता की, तीन जणींच्या हातात आणि एकीच्या नाही, असं बरं दिसत नाही. हा स्वभाव घरातून येतो, कारखान्यातून नाही.

एवढी समज असलेल्या माणसाच्या गाळ्यात मी काय केलं ते आता लिहिते.

आमच्या घरात नवी डोलकाठी उभी राहायची तर माझा बाप तिला रंग द्यायच्या आधी खोबरेल तेलात कुंकू कालवून मानेजवळ एक बोट ओढायचा. वरून रंग. कुंकू रंगाखाली राहिलं पाहिजे, म्हणजे समुद्राला धुता येत नाही, असं तो म्हणायचा. ती पहिली काठी माझ्या हातांची होती. हिला कुंकू नाही म्हणजे काय? विचारलं असतं तर अच्युतराव नाही म्हणाले असते, म्हणून मी विचारलं नाही. पाचवा थर चढला होता. सगळे जेवायला बाहेर गेले होते. वामनची पाठ होती, भट्टी आधीपासून तापवून बघत होता. मी कमरेची डबी काढली, मोजा काढला आणि जिथे आडव्या काठ्या बसणार त्या मानेजवळ एक बोट ओढलं. दुपारी त्यावर आम्हीच उरलेले थर चढवले. मला फार बरं वाटलं. आता ही काठी आपली झाली असं वाटलं.

काठी भट्टीत गेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहिली, हळूहळू निवली. दुसऱ्या दिवशी दांडा काढायचा. अॅल्युमिनियम थंडीने आकसतं, कार्बन हट्टी, आकसत नाही. म्हणून दांड्याच्या पोटात बर्फाचं पाणी ओतायचं. बर्फ मी बंदरावरून आणला. आता गंमत अशी की, तीस फुटी काठीतून तीस फुटी दांडा ओढायचा तर साठ फूट जागा लागते, आणि हे अच्युतरावांसारख्या हुशार माणसाच्या गाळा घेताना लक्षात आलं नव्हतं. दांडा दारातून रस्त्यावर आला. मी लाल लुगडं हातात धरून टेम्पो अडवत उभी राहिले. एक टेम्पोवाला म्हणाला, मावशी, बाजूला हो, माल जायचाय. मी म्हटलं, बाळंतपण चाललंय, डोकं आलंय, पाय यायचेत, थांब. तो खरंच इंजिन बंद करून थांबला. शेवटी साखळीने ओढता ओढता फट्‌ आवाज झाला आणि दांडा सुटला. अच्युतराव त्या पोकळ काठीला डोळा लावून आरपार बघत राहिले. मग ती एका हाताने उचलून त्यांनी माझ्या हातात दिली. तीस फुटांची काठी आणि बाईमाणसाला पेलते. शेठनेसुद्धा त्या दिवशी पेढे आणले.

मग तपासणी. दोन टोकं टेकवून मध्ये वाळूच्या पिशव्या टांगल्या, किती वाकते ते मोजलं. हवी तेवढीच वाकली. मग अच्युतरावांनी रुपयाचं नाणं घेऊन बोट बोट अंतरावर ठोकून कान लावला. आत पोकळी असली तर आवाज बद्द येतो. मानेजवळ आले तेव्हा माझा श्वास अडकला नाही, कारण मला काही ठाऊकच नव्हतं. तिथे जादा थर, आवाज मुळातच जाड. ते पुढे गेले. काठी पास झाली.

त्या दुपारी जेवताना मी सहज विचारलं की, साहेब, तेलाचं एवढं काय वावडं? अच्युतरावांच्या डब्यात वहिनींची घडीची पोळी होती. त्यांनी ती उचलली आणि पदर सुटे करून दाखवले. म्हणाले, मावशी, घडी घालताना आत तेल का लावतात? पदर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. आपल्याला नेमकं उलटं हवंय. काठीत तेल गेलं तर बाहेरून काही दिसणार नाही, पण आत पोळी तयार होईल. वाऱ्याने पिळली की तिथून सुटेल.

मी माझा डबा झाकला.

आता बोलायला हवं होतं. दोन दिवस बोलले नाही. एकच बोट तर आहे, असं स्वतःला सांगितलं. फुला, त्या दोघी, शेठ, सगळे डोळ्यांसमोर आले. देवाचं काम केलंय, देव बघेल, असंही सांगून पाहिलं. देवावर ढकललं की माणसाला जरा झोप लागते.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. नौदलातून निवृत्त झालेले एक कप्तान. त्यांनी स्वतःची होडी बांधली होती, कोचीला आणि तिथून लक्षद्वीपला जायचं होतं. बरोबर त्यांची लेक, विशीतली, केस कापलेली, मराठी आमच्यासारखं बोलणारी. तीही होडीवर जाणार होती. तिने काठीवरून हात फिरवला आणि मला विचारलं की, ही कोणी गुंडाळली? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, वर दोर अडकला की कॅनव्हासच्या झोळीत बसून माणसाला टोकापर्यंत ओढतात, आमच्यात सगळ्यात हलकी मी, म्हणजे वर मीच जाणार. आणि हसत म्हणाली, "मावशी, तिथून तुमच्या नावाने हाक मारीन."

मी अच्युतरावांची बाही धरून त्यांना कुल्फीच्या फ्रिजमागे नेलं. म्हटलं, "साहेब, काठी देऊ नका. मानेजवळ तेल हाय. मी लावलंय."

त्यांनी विचारलं, किती? एक बोट. कितव्या थरावर? पाचव्या. मग विचारलं, कुंकू? मी म्हटलं, कुंकू. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. एवढंच म्हणाले की, तुम्ही बोललात हे फार झालं, आता बाहेर काही बोलू नका. आणि बाहेर जाऊन कप्तान, शेठ, सगळ्यांसमोर सरळ उभे राहून म्हणाले, "भट्टीचं तापमान माझ्याकडून चुकलं. ही काठी मी देणार नाही."

वामन स्टुलावरून उठला. वही पुढे धरून म्हणाला, "साहेब, तापमान बरोबर होतं. वही बघा."

अच्युतरावांनी उभ्या जन्मात कोणाचं बोलणं तोडलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. म्हणाले, "वामन, गप्प बस. मी सांगतोय ना."

वामन बसला. वही मिटली.

कप्तान इंग्रजीत पुष्कळ बोलले आणि निघून गेले. शेठ त्यांच्यामागे धावले. अच्युतरावांनी करवत घेतली आणि स्वतःच्या हाताने काठी मानेपाशी कापली. मी बघत होते. कापलेल्या कडेला त्यांनी नख लावलं आणि पापुद्रा पोळीसारखा उलगडला, आत लाल डाग. त्यांनी तो तुकडा कोणाला दिसायच्या आत आपल्या पिशवीत घातला. मला ना शिव्या दिल्या, ना शिकवण. संध्याकाळी जाताना म्हणाले, मावशी, पुढच्या काठीला कुंकू लावायचं, पण सुकं, मला सांगून, जागा मी दाखवीन. तेव्हापासून मी काम सोडेपर्यंत गाळ्यातून गेलेल्या प्रत्येक काठीला बुडाशी, बाहेरून, शेवटच्या पारदर्शक वॉर्निशखाली माझं एक बोट कुंकू आहे. परदेशी गिऱ्हाइकं विचारतात हा लाल डाग कसला. अच्युतराव गंभीर चेहऱ्याने सांगतात, तपासणीची खूण.

ते खोटं का बोलले हे मला त्याच दिवशी कळलं होतं. शेठला खरं कळलं असतं तर आम्ही चौघी त्या दुपारीच रस्त्यावर होतो, आणि बाळकुमच्या बाईला पुन्हा कोणी गाळ्याच्या आत घेतलं नसतं. दोष स्वतःवर घेतला तर काढणार कोणाला? हिशेब चोख होता. त्याची किंमत त्यांनी भोगली. कप्तानांनी सगळ्या क्लबात सांगितलं की ठाण्याच्या भट्टीचा भरवसा नाही. वर्षभर काम आलं नाही म्हणावं इतकंच. शेठ गेले. अच्युतरावांनी त्या दिवसांत कार्बनची वल्ही केली, एका म्हाताऱ्याला आधाराची काठी करून दिली, आणि आमच्यापैकी एकीलाही घरी बसवलं नाही. दुसरी डोलकाठी त्यांनी कप्तानांच्या दारात जाऊन, विनवून दिली. ती पावसाळ्यानंतर गेली आणि नीट गेली. मुलीने लक्षद्वीपहून मला पोस्टकार्ड पाठवलं की, वरून हाक मारली, ऐकू आली का? मी नातीकडून उत्तर धाडलं, नाही, जोरात मार. नंतर कामं येऊ लागली. आज त्या गाळ्याला शेजारचा गाळा जोडलाय, दांडा रस्त्यावर येत नाही, टेम्पोवाले सुखी आहेत.

सगळं गोड झालं. एकट्या वामनचं झालं नाही.

"माझ्याकडून चुकलं" असं अच्युतराव म्हणाले खरे, पण काट्यासमोर कोण बसलेलं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक म्हणत, साहेब मोठ्या मनाचे, नोकराची चूक अंगावर घेतात. चहावाला रोज विचारायचा, वामनशेठ, आज काय करपवलं? वामन हसायचा. दोन वर्षं हसला, मग गाळा सोडून गेला. त्याच्या लग्नाला अच्युतराव भर मे महिन्यात कोट घालून शहाडला तीन तास उभे होते. आहेर भरपूर केला. जे द्यायचं होतं ते राहून गेलं. मीही राहू दिलं. त्यांची चूक मी इथे लिहिते आहे, पण माझी त्याहून मोठी, हे वाचणाऱ्याने विसरू नये.

तो जीवनपट आला त्याच आठवड्यात मी नातीला घेऊन आंबिवलीला गेले. वामनची तिथे स्वतःची भट्टी आहे, लोखंडी जाळ्यांना पावडरचा रंग देऊन भाजतो. मी सगळं सांगितलं, कुंकवापासून पोळीपर्यंत. त्याने काट्यावरची नजर काढली नाही. ऐकून झाल्यावर चहा मागवला. मग म्हणाला की, तापमान बरोबर होतं हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, वही अजून घरात आहे. त्याला वाटत आलं होतं ते वेगळंच: साहेबांचा त्याच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. मी म्हटलं, तसं नव्हतं रे, माझ्यासाठी होतं. तो म्हणाला, "मावशी, तू आलीस ते बरं केलंस. पण मला ‘गप्प बस’ तू नव्हतं म्हटलंस."

चहा पिऊन आले.

अच्युतराव, तुम्ही हे वाचणार, म्हणून आता सरळ तुमच्याशी बोलते. तुमच्याएवढा चांगला माणूस मी पाहिला नाही, आणि मी माणसं उधारीवर चांगली म्हणत नाही. तुम्ही शंभर वर्षं जगा. काळी धूळ घासताना तोंडाला मास्क लावा, दुसऱ्यांना सांगता आणि स्वतः विसरता, म्हणून तो खोकला. वहिनींनी दिलेली कारल्याची भाजी कुत्र्याला घालू नका, त्यांना कळतं. होडीत बसू नका. गुडघे सांभाळा, दृष्टी सांभाळा, तुमच्या हातून अजून पुष्कळ काठ्या उभ्या राहू देत आणि एकही मोडू नये, हा माझा आशीर्वाद. म्हातारीचा आहे, लागतो.

सत्काराच्या दिवशी डोंबिवलीच्या सभागृहात मी वामनला घेऊन येणार आहे. तो यायला तयार नव्हता, मी आणते. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा. जीवनपटातलं ते वाक्य काढलं की नाही ते मी आल्यावर बघीन. हा लेख वाचून तुम्ही मला लांबलचक पत्र लिहाल, ते लिहू नका, मला तुमच्याकडून काही यायचं नाही. उत्तर वामनला द्यायचं आहे, तुम्ही, स्वतःच्या तोंडाने, तो समोर असताना. चिटणीसांनी, वहिनींनी, मी, कोणीही मध्ये बोलायचं नाही.